रस्त्यावरच्या गाणाऱ्यांसाठी आवाजाचा संच: प्रकल्प नोंदी, सोलापूर

६ मार्च

काम दोन संचांचं आहे. पहिला बैठा: एक गाणारा, हार्मोनियम, ढोलकी, जागा बाजारपेठेतली नाहीतर देवळाबाहेरची. दुसरा चालता: गोंधळ्यांची जोडी, एकाकडे संबळ, दुसऱ्याकडे तुणतुणं, मागे झील धरणारा असला तर तिसरा. तुळजापूरची वाट सुमारे ४५ किलोमीटरची आहे, म्हणजे चालत्या संचाचं वजन खांद्याला पेलायला हवं.

अटी लिहून ठेवल्या. बैठा संच ९ किलोच्या आत, चालता ४ किलोच्या आत. एका चार्जवर ४ तास. कुठलाही भाग बिघडला तर सोलापुरातच मिळावा आणि डिगी (सोल्डरिंग आयर्न) धरता येणाऱ्या कुणालाही तो तासाभरात बदलता यावा. या शेवटच्या अटीवरच अर्धे तयार संच गळणार आहेत.

किती वॅट हवेत, हे मुद्दाम लिहिलेलं नाही. तो आकडा शेवटी निघायला हवा. दुकानात सुरुवात त्याच्यापासून होते आणि तिथेच पैसे जातात.

११ मार्च

हिशेब उलटा केला, म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानापासून मागे.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर बंदी आहे. दवाखाने, शाळा, न्यायालयं यांच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र धरतात. व्यापारी भागाची दिवसाची मर्यादा ६५ डेसिबल. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी असेल ते पाळायचं. व्यापारी भागात दोन्ही हिशेब ७५ वरच येतात.

म्हणून लक्ष्य असं धरलं: ५ मीटरवर ७६ डेसिबल. अंतर दुप्पट झालं की उघड्यावर ६ डेसिबल उतरतात. त्या हिशेबाने १ मीटरवर ९० लागतात, ६ मीटरवर ७४ उरतात (७५ च्या आत) आणि १० मीटरवर ७०. दोन-तीन रांगांच्या घोळक्याला हे पुरतं.

९० डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर १ वॅटवर १ मीटरला ९० डेसिबल देतो. म्हणजे सरासरी गरज फक्त १ वॅटची. मात्र तान चढली किंवा ढोलकीवर थाप पडली की क्षणभर १०-१२ डेसिबलची उसळी येते. १२ डेसिबल म्हणजे १६ पट, म्हणजे १६ वॅट. खरे, न फाटणारे १५-१६ वॅट मिळाले की बैठ्या संचाचं भागलं.

पार्क चौकात संध्याकाळी रिक्षा-बसचा गोंगाटच ७५ च्या आसपास जातो. तिथे नियमात राहून गाणं ऐकू जाणार नाही, उपकरण कुठलंही आणा. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर पाळण्यांच्या भोंग्यांशेजारीही तेच. अशा ठिकाणी आवाज वाढवायचा नाही, जागा बदलायची. नवी पेठेच्या आतल्या गल्ल्या, तलावाकडची बाजू, भुईकोट किल्ल्याजवळची मोकळी जागा इथे हिशेब बसतो.

टीप: मोबाइलमधल्या ध्वनिमापक अ‍ॅपवर आकडा म्हणून विसंबू नये. एकाच फोनने दोन जागांची किंवा दोन स्पीकरची तुलना मात्र करता येते.

१८ मार्च

बाजारातले तयार संच पाहिले.

ट्रॉली स्पीकर: खोक्यावर ‘पीएमपीओ’ वॅट हजारांत लिहिलेले असतात. त्या आकड्याला मोजमापाचा आधार नसतो. मागचं झाकण उघडून बॅटरीवरचा आकडा वाचावा. आत १२ व्होल्ट ४.५ अँपिअर-तासची शिशाची बॅटरी निघाली तर साठा झाला ५४ वॅट-तासांचा, त्यातला निम्माच वापरायचा. एवढ्यावर हजारो वॅट चालत नाहीत हे तिथेच कळतं. बाकी दोष: एक्को पूर्ण बंद होत नाही, त्यामुळे शब्द चिकटतात. माईकचं इनपुट अनबॅलन्स्ड (दोनच तारांचं, गुणगुण उचलणारं) असतं. बास फुगवलेला असतो, तो गाण्याला नडतो. पोटापुरतं काम होतं, पण बॅटरी वर्षभरात बसते.

परदेशी तयार संच: रोलंड क्यूब स्ट्रीट ईएक्स हा खास रस्त्यावरच्या वादकांसाठी बनवलेला आहे. ८ पेन्सिल सेल, कमाल ५० वॅट, वजन सुमारे साडेसात किलो. सेल कुठल्याही टपरीवर मिळतात ही त्याची मोठी सोय. बोस एस १ प्रो सात किलोच्या घरात, बॅटरी आत, आवाज स्वच्छ. दोन्ही चांगले, ज्यांना परवडतात त्यांनी खुशाल घ्यावेत. आपल्या अटीत बसत नाहीत, कारण आतला बोर्ड गेला तर खोकं सोलापूरबाहेर पाठवावं लागतं आणि तेवढे दिवस रोजी बुडते.

तेव्हा सुटे भाग जोडायचे.

२४ मार्च

भोंगा तपासून बाद. १ वॅटवर १ मीटरला १०५ किंवा त्याहून जास्त डेसिबल देतो, बॅटरी जवळपास खातच नाही. पण साधारण ३०० हर्ट्झच्या खाली काही उरत नाही, हार्मोनियमचे खर्जाचे सूर गायब, गळा नाकात बसल्यासारखा. शिवाय आवाज सरळ रेषेत लांब फेकला जातो: समोरच्या दुसऱ्या मजल्यावर त्रास, बाजूला उभ्या माणसाला काही नाही. पुकारा करायला भोंगा, गाण्याला नाही.

२ एप्रिल

अँप्लिफायर बोर्ड: टीपीए ३११६ चिपचा दोन चॅनलचा, पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळतो, म्हणून एक सुटा बोर्ड कायम पिशवीत ठेवायचा. पाकिटावर ‘५० अधिक ५० वॅट’ असतं. ते २१ व्होल्टच्या आसपास आणि ४ ओहमवर खरं. १२ व्होल्टवर ४ ओहमला चॅनलमागे सुमारे १५ वॅट, ८ ओहमला त्याच्या निम्मे. म्हणजे १२ व्होल्टचा संच करायचा तर स्पीकर ४ ओहमचेच. पीए (सभा-समारंभाच्या ध्वनिक्षेपकांच्या) दुकानात ८ ओहमचे जास्त मिळतात, म्हणून गाडीच्या दारात बसवायचे साडेसहा इंची कोअ‍ॅक्शियल घेतले. एकाच चौकटीत मोठा-छोटा असे दोन पडदे असलेले हे स्पीकर ४ ओहमचे असतात आणि कार डेकॉरवाल्यांकडे कधीही मिळतात. घेताना वॅट बघू नयेत, संवेदनशीलता वाचावी. ८७ चा आणि ९० चा स्पीकर शेजारी ठेवले तर ८७ वाल्याला तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट वॅट लागतात. ३ डेसिबल चांगला स्पीकर घेणं दुप्पट मोठ्या अँपपेक्षा आणि दुप्पट बॅटरीपेक्षा स्वस्त पडतं.

बोर्ड जोडताना नडणाऱ्या गोष्टी:

स्पीकरची उणे तार ग्राउंडला किंवा डब्याच्या पत्र्याला लागता कामा नये. या चिपच्या दोन्ही आउटपुट तारा जिवंत असतात. दोन स्पीकरच्या उणे तारा एकत्र करून एकच वायर नेण्याची जुनी सवय इथे घातक. चिप संरक्षणात जाऊन बंद पडते, नाहीतर थेट जळते.

बोर्डावरचे इनपुट कपॅसिटर बहुधा १ मायक्रोफॅरडचे असतात. २६ डेसिबल गेनला (सिग्नल वाढवण्याच्या पटीला) चिपचा इनपुट ३० किलोओहम आहे, म्हणजे ५ हर्ट्झपर्यंत सगळं आत शिरतं: माईकवरचा वारा, हाताची खरखर, स्टँडला लागलेला पाय. चारही कपॅसिटर काढून ०.०४७ मायक्रोफॅरडचे बसवले की कट (ज्याखालचे सूर अडतात ती हद्द) सुमारे ११० हर्ट्झवर येतो. स्पीकरचा पडदा विनाकारण हलायचा थांबतो आणि तेच वॅट गळ्याला मिळतात. चारही सारखेच बदलावेत. एकीकडे मोठा, दुसरीकडे छोटा राहिला तर चालू-बंद करताना ठक्क वाजतं.

मिक्सर ५ व्होल्टवर चालणारा चार चॅनलचा. १२ वरून ५ करायला स्वस्त बक कन्व्हर्टर (वेगाने चालू-बंद होऊन व्होल्ट उतरवणारा बोर्ड) लावला की स्पीकरमधून बारीक चीं ऐकू येते. त्याऐवजी ७८०५ (५ व्होल्ट देणारी साधी रेग्युलेटर चिप) लावला. ३०० मिलिअँपिअरला त्यात सव्वादोन वॅट उष्णता होते, हीटसिंक हवाच. थोडी ऊर्जा वाया जाते, पण आवाज शांत.

त्याच बॅटरीवरून फोन चार्ज करत त्याच फोनवरून तानपुरा लावला की गुणगुण येते. ग्राउंड दोन वाटांनी जुळतो म्हणून. उपाय: फोनच्या तारेत ६०० ओहमचा एकास एक ट्रान्सफॉर्मर, किंवा सरळ चार्जिंग काढणे.

९ एप्रिल

वीज मोजली. मिक्सर ०.३ अँपिअर, बोर्ड नुसता चालू ०.१ च्या आत, गाण्याची सरासरी धरून एकूण साधारण ०.५५. १२.८ व्होल्टला ७ वॅट. ४ तासांचे २८ वॅट-तास.

१२ व्होल्ट ७ अँपिअर-तासची शिशाची बॅटरी: ८४ वॅट-तास, निम्मे वापरायचे तर ४२. कागदावर पुरते. पण वजन सव्वादोन किलोच्या आसपास. शिवाय रात्री रिकामी ठेवून दोन दिवसांनी चार्ज केली की पत्र्यांवर सल्फेट बसतं आणि क्षमता कायमची उतरते. गाणारा माणूस थकून घरी येतो, तो चार्जिंग विसरणार हे धरूनच चालायचं. उन्हाळा हा तिसरा शत्रू: दर ८-१० अंशांना शिशाच्या बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं.

लिथियम आयर्न फॉस्फेट, चार सेल, १२.८ व्होल्ट ६ अँपिअर-तास: ७७ वॅट-तास, ८० टक्के वापरले तरी ६०, वजन किलोच्या आत. हीच ठरली. चार्जर १४.६ व्होल्टचा, याच जातीचा. शिशाच्या बॅटरीचा ‘डिसल्फेशन’वाला चार्जर लावू नये, तो व्होल्टेजचे झटके देतो. बीएमएस (सेल जास्त भरू किंवा पार रिकामे होऊ न देणारा संरक्षक बोर्ड) हवाच. ५ अँपिअरचा फ्यूज अधिक टोकापासून वीतभर अंतरात. फ्यूज अँपजवळ लावला तर मधली तार उघडीच राहते आणि ती घासली की धूर.

मगरचिमटे बाद, एक्सटी ६० कनेक्टर. उलटा बसतच नाही.

१७ एप्रिल

सावलीत ४२ अंश. काळ्या रंगाचं प्लायचं खोकं उन्हात ठेवलं की आतलं तापमान ६० च्या पुढे जातं. दोन गोष्टी निसटल्या. हॉट ग्लूने चिकटवलेला मिक्सरचा बोर्ड सुटून स्पीकरच्या चुंबकाला जाऊन चिकटला. या गोंदाच्या कांड्या ६०-७० ला मऊ पडतात. आता सगळं स्क्रू आणि स्टँडऑफवर (बोर्ड उचलून धरणारे छोटे खांब), जिथे इलाज नाही तिथे आरटीव्ही सिलिकॉन (उन्हात मऊ न पडणारा रबरी गोंद). दुसरं, बॅटरी हाताला चटका देत होती. ४५ च्या वर लिथियम चार्ज करू नये, वापरायला ६० ही शेवटची हद्द. म्हणून खोक्याला पांढरा रंग, बॅटरी तळाच्या वेगळ्या कप्प्यात, आणि चार्जिंग रात्री, खोकं गार झाल्यावर.

ऊन लागू नये म्हणून खोक्यावर सोलापुरी चादर टाकायची सूचना आली. सूचना आपुलकीची, पण जाड विणीत ट्रेबल (वरचे बारीक सूर) अडतो आणि मागची झरोक्याची पट्टी झाकली जाते. चादर वर छतासारखी बांधावी, चार बोटं अंतर ठेवून.

२५ एप्रिल

शिट्टी, म्हणजे स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरून होणारी किंचाळी. या प्रकल्पात सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि तो सार्थकी लागला, कारण शिट्टी थांबली की अँपचा आवाज न वाढवताही ऐकणाऱ्यापर्यंत जास्त पोहोचतं.

माईक डायनॅमिक (वीज न लागणारा, जवळचंच उचलणारा) आणि कार्डिऑइड (समोरचं जास्त ऐकणारा). शुअर एसएम ५८ असेल तर उत्तम, अहुजाचा एक्सएलआरवाला (तीन पिनांच्या जोडणीचा) डायनॅमिकही चालतो. कंडेन्सर रस्त्यावर नको, सगळी गल्ली ओढून घेतो.

कार्डिऑइड पाठीमागून सगळ्यात बहिरा असतो, सुपरकार्डिऑइड मागच्या बाजूंना, सुमारे १२६ अंशांवर. कुठला माईक आहे ते बघून स्पीकर ठेवायचा. आपल्या मांडणीत स्पीकर गाणाऱ्याच्या पुढे दीड मीटर, एका बाजूला, तोंड लोकांकडे. मग माईकची पाठ आपोआप स्पीकरकडे येते. गाणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून स्पीकर मागे ठेवायची सवय आहे, शिट्टीचं मूळ तिथेच.

ओठांपासून माईक ५ सेंटिमीटर. १० वर नेला की गळा ६ डेसिबल उतरतो, भरपाईला गेन वाढवला जातो आणि शिट्टी जवळ येते. जाळीवर मूठ आवळून गाणं ऐटबाज दिसतं, पण मागची भोकं झाकली की कार्डिऑइड राहत नाही, चहूकडचं ऐकू लागतो. मूठ दांड्यावर, जाळीला बोट लागता कामा नये.

प्रत्येक दुप्पट उघड्या माईकला शिट्टीआधीची जागा ३ डेसिबलने कमी होते. दोनाचे चार माईक केले तर अँपचा निम्मा दमच गेला. झील धरणाऱ्याने त्याच माईकवर अर्धं पाऊल मागून गावं. संबळाला माईक लावूच नये. हार्मोनियमलाही बहुतेक वेळा गरज नाही. लावायचाच तर लोकांकडच्या बाजूने, वरच्या फळीपासून २०-३० सेंटिमीटर, मधोमध. पेटीला चिकटवलेला छोटा माईक पट्ट्यांची टकटक आणि भात्याची धाप उचलतो.

स्पीकर जमिनीवर ठेवला तर पहिल्या रांगेचे पाय ट्रेबल खातात. पेटी-ढोलकी खाली बसलेली असली तरी स्पीकर सव्वा मीटर उंच. पोकळ पाइपच्या स्टँडला पायाशी वाळूची पिशवी, वावटळीला स्पीकर आडवा होतो.

एक्सएलआर तार: १ नंबरला शील्ड, २ ला अधिक, ३ ला उणे. तयार स्वस्त तारांत १ आणि ३ आत जोडलेले सापडतात, मग बॅलन्स्ड राहत नाही. मल्टिमीटरने तपासून घ्यावी.

४ मे

तुणतुण्याचा पिकअप, म्हणजे वाद्याची थरथर विजेत बदलणारा भाग. २७ मिलिमीटरची पितळी पिझो चकती, आतला कपॅसिटन्स सुमारे २० नॅनोफॅरड. मिक्सरच्या १० किलोओहम इनपुटला थेट लावली की कट ८०० हर्ट्झवर बसतो. उरतं ते पत्र्याच्या डब्यासारखं. १ मेगओहमला लावली की कट ८ हर्ट्झवर, पूर्ण सूर येतो. मधे बफर (चकतीवर भार येऊ न देणारा छोटा बोर्ड) हवा: टीएल ०७२, ९ व्होल्टचा सेल, दोन १०० किलोओहमचे विभाजक, मधल्या बिंदूला १० मायक्रोफॅरड, तिथून इनपुटला १ मेगओहम. ३ मिलिअँपिअरच्या आसपास खातो, सेल दीडशे तास सहज. सेल ७ व्होल्टखाली आला की सूर फाटतो. वादकाला आधी चकतीचा संशय येतो, तेव्हा आधी सेल मोजावा.

जागा: चामड्यावर चिकटवली तर घुमते आणि चामड्याचा ताणही बिघडतो. लाकडी नळीच्या बाहेर, चामड्याच्या काठापासून तीन बोटांवर. मेण उन्हात सुटतं, त्याऐवजी पातळ दुहेरी टेप. फोमची टेप नको, ती थरथर खाते. तारेचा डाग (सोल्डरचा सांधा) २५ वॅटच्या डिगीने, दोन सेकंदांत. जास्त वेळ तापवली तर चकतीचा पिझो गुणच जातो. तारेला शील्ड आणि चकतीवर तांब्याची पट्टी ग्राउंड केलेली, नाहीतर हात लागला की गुणगुण.

१२ मे

चालता संच: ५ इंची ४ ओहमचा एकच स्पीकर, तोच बोर्ड पण एक चॅनल, ३ अँपिअर-तासची बॅटरी, मिक्सर नाही, साधा दोन इनपुटचा प्रीअँप. एकूण ३.४ किलो. पट्टा कापडी आणि रुंद, गिरणीतला निवार चांगला.

स्पीकर छातीवर लटकवला की शिट्टी. कमरेला डाव्या बाजूला, तोंड पुढे, माईक उजव्या गालाकडून: हे जमलं.

ब्लूटूथने माईक जोडायचा विचार करू नये. १०० ते २०० मिलिसेकंद उशीर होतो आणि गाणारा स्वतःच्याच मागे पडत जातो. २.४ गिगाहर्ट्झचे बिनतारी माईक उशिराच्या बाबतीत ठीक, पण गर्दीत शेकडो फोनांमध्ये तुटतात. चालताना तीन हात तार परवडते.

२० मे

भुईकोट किल्ल्याजवळ बैठा संच, साडेपाच ते साडेआठ. बॅटरी १३.१ वर उतरली, म्हणजे भरपूर बाकी. आयर्न फॉस्फेटचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास सपाट राहतं, त्यामुळे व्होल्टेजवरून टक्के काढू नयेत, तास मोजावेत.

बिघाड एकच: माईकच्या तारेचा कनेक्टर बुडाशी तुटला. ताण डागावर येत होता. आता तार स्टँडला एक वेढा घालूनच खाली.

२ जून

वळवाची सर. कागदी कोन ओला झाला की फुगून घासतो. पुढच्या खेपेपासून पॉलिप्रॉपिलीन कोन. वर ताडपत्रीची टोपी, पुढे चार बोटं आलेली, मागचा झरोका खाली तोंड करून.

९ जून

बैठ्या संचाची पक्की यादी: साडेसहा इंची ४ ओहम ९० डेसिबल कोअ‍ॅक्शियल २, १२ मिलिमीटर प्लायचं बंद खोकं, आत दोन कप्पे, प्रत्येकी ११ लिटर, कापूस पाव भरलेला, टीपीए ३११६ बोर्ड १, ०.०४७ मायक्रोफॅरड ४, चार चॅनल मिक्सर १, ७८०५ हीटसिंकसह १, १२.८ व्होल्ट ६ अँपिअर-तास बॅटरी बीएमएससह १, १४.६ व्होल्ट चार्जर १, डायनॅमिक माईक २, तार ५ मीटर २, स्टँड १. वजन स्टँडसह ८.७ किलो.

सोबतच्या पिशवीत: ५ अँपिअरचे फ्यूज ५, सुटा बोर्ड १, सुटी एक्सएलआर तार १, ९ व्होल्टचा सेल १, माईकची फोमची टोपी २, छोटा स्क्रू ड्रायव्हर, काळी टेप.

चालू करताना क्रम: मिक्सर आधी, अँप नंतर. बंद करताना उलट. मास्टर (एकूण आवाजाचं बटण) खाली ठेवून गेन आधी लावायचा: गाणाऱ्याने सगळ्यात मोठ्याने एक ओळ म्हणायची, लाल दिवा लागला की किंचित मागे. मग मास्टर शिट्टीच्या काठापर्यंत न्यायचा आणि तिथून दोन खुणा खाली आणायचा. त्या जागेवर पांढऱ्या रंगाची रेघ मारून दिली आहे. जागा बदलली की रेघ नवी मारायची, जुनी स्पिरिटने पुसून.